लहान घोडें, हलकी गाडी आणि बेताचा साज

घोडागाडी हा आतां घरगुती विषय राहिलेला नाहीं असें कोणी म्हटल्यास तें बव्हंशीं खरें आहे. गांवोगांवच्या स्टेशनांबाहेर टांग्यांची जी रांग असे तिची जागा रिक्षांनीं घेतली. मुंबईच्या हौशी घोडागाड्या, ज्यांस लोक 'व्हिक्टोरिया' म्हणत, त्या तर मुंबई उच्च न्यायालयानें २०१५ सालच्या जून महिन्यांत बेकायदेशीर ठरविल्या. असें असलें तरी शेतावर घर बांधून राहिलेलीं कुटुंबें, नोकरींतून मोकळे होऊन गांवीं परतलेले गृहस्थ आणि मुलांना मुक्या जनावरांचा सहवास घडावा असें वाटणारे आईबाप यांच्या मनांत एखादें लहानसें तट्टू बाळगावें व त्यास दोन चाकांची हलकी गाडी करावी, अशी इच्छा आजही उत्पन्न होते. इच्छा चांगली आहे. परंतु ती पुरी करतांना जी एक चूक सर्रास होते तिचें फळ त्या मुक्या जनावरास भोगावें लागतें. ती चूक अशी कीं, मोठ्या घोड्याचा जुना साज विकत घ्यावयाचा, त्यास जागोजाग नवीं भोकें पाडावयाचीं, आणि तोच लहान घोड्याच्या अंगावर आवळावयाचा. लहान घोड्याचा साज म्हणजे मोठ्या घोड्याचा आखडलेला साज नव्हे, आणि लहान गाडी म्हणजे टांग्याचें खेळणें नव्हे. हा भेद नीट समजावा एवढ्याच हेतूनें हा लेख लिहिला आहे.

विवेचनासाठीं हिंगोली जिल्हा घेण्यास कारण आहे. परभणी जिल्ह्यांतून १ मे १९९९ रोजीं वेगळा झालेला हा जिल्हा आज औंढ्याचा नागनाथ, नरसी येथील नामदेवमहाराजांचें स्थान आणि हिंगोलीचा दसरा यांमुळें लोकांस ठाऊक आहे. परंतु घोड्याशींही या भूमीचा जुना संबंध आहे. निजामाच्या राज्यांत 'हैदराबाद कंटिंजंट' नांवाची जी फौज होती तिचें हिंगोली हें एक महत्त्वाचें ठाणें होतें. १९०३ सालीं ती फौज हिंदुस्थानच्या सैन्यांत विलीन झाली व येथील छावणी मोडली. तिच्या घोडदळाचा वारसा सांगणारी 'डेक्कन हॉर्स' ही पलटण आज भारतीय सैन्यांत आहे. मात्र तिचे घोडे जाऊन तेथें रणगाडे आले आहेत. शेजारच्या नांदेड जिल्ह्यांत लोहा तालुक्यांतील माळेगांव येथें मार्गशीर्षाच्या अखेरीस खंडोबाची जी यात्रा भरते तींत घोडे, गाढवें व उंट यांचा मोठा बाजार असतो. हिंगोलीच्या माणसास तट्टू घ्यावयाचें तर दूर जावें लागत नाहीं तें यामुळें. ज्यास अधिक निवड हवी त्यानें दत्तजयंतीच्या सुमारास तापीकांठीं सारंगखेड्यास जावें.

दख्खनचें तट्टू हें अंगानें लहान, हाडानें चिवट आणि खाण्यास थोडें अशी त्याची जुनी कीर्ति आहे. भीमेच्या कांठच्या भीमथडी घोड्यांनीं मराठ्यांच्या फौजा दूरदूरच्या मुलखांत नेल्या. आपल्याकडे 'तट्टू' हा शब्द हिणवण्यासाठीं वापरतात, पण ज्यांनीं तें वापरलें त्यांनीं त्याला कधीं हिणविलें नाहीं. जगांतही लहान घोड्यांचें कौतुक कमी नाहीं. स्कॉटलंडच्या उत्तरेस असलेल्या शेटलंड बेटांतील तट्टें फार तर ४२ इंच उंच असतात. इंग्लंडांत १८४२ सालीं लहान मुलांना खाणींत काम करण्याची बंदी झाल्यावर कोळशाच्या गाड्या ओढण्यासाठीं हींच तट्टें भुयारांत उतरविण्यांत आलीं. अमेरिकेंत १९७८ सालीं स्थापन झालेल्या एका संघानें तर ३४ इंचांपेक्षां उंच नसलेल्या घोड्यांचीच वेगळी नोंद ठेवली आहे. तेथें असले घोडे मुख्यतः गाडीलाच जुंपतात, आणि त्याचें कारण सरळ आहे: पाठीवर घोड्यानें आपल्या वजनाच्या सुमारें पांचव्या हिश्शापेक्षां अधिक ओझें वाहूं नये, पण चाकावरचें ओझें जमीन सोसते व घोड्यास तें फक्त पुढें ढकलावें लागतें. म्हणून जें तट्टू सात-आठ वर्षांच्या मुलासही पाठीवर घेऊं शकत नाहीं तें त्याच मुलास व त्याच्या वडिलांस गाडींतून सहज नेऊं शकतें.

आतां प्रत्यक्ष कामाकडे वळूं. पहिली गोष्ट जनावराची परीक्षा. घोड्याची उंची डोक्यापर्यंत मोजावयाची नसते. आयाळ संपून पाठ सुरू होते तेथील उंचवट्यापर्यंत मोजावयाची असते. चार इंचांची एक मूठ धरून ती सांगण्याची चाल आहे. ११ मुठी म्हणजे ४४ इंच उंचीचें तट्टू आपण उदाहरणासाठीं घेऊं. त्याचें वय चार वर्षांचें पुरें असावें. तीन वर्षांखालच्या शिंगरास गाडीला जुंपणें म्हणजे त्याचीं कोवळीं हाडें व सांधे कायमचे बिघडविणें होय. खरेदीपूर्वीं पशुवैद्यास दाखवून दांत, खूर, डोळे व श्वास तपासून घ्यावे, आणि 'ग्लँडर्स' या रोगासाठीं रक्त तपासावें. हा रोग माणसासही होतो व तो आढळल्यास सरकारास कळविणें कायद्यानें बंधनकारक आहे. बाजाराच्या गर्दींत हें जमत नसेल तर सौदा थांबवावा. परभणीस पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. हिंगोलीकरांस तज्ज्ञाचा सल्ला मिळणें कठीण नाहीं.

दुसरी गोष्ट वजनाची. काट्यावर घोडा उभा करणें सर्वांस शक्य नाहीं, परंतु शिंप्याची फीत असली म्हणजे काम भागतें. पुढच्या पायांच्या मागून छातीचा घेर इंचांत मोजावा. खांद्याच्या पुढच्या टोकापासून ढुंगणाच्या मागच्या टोकापर्यंत लांबी मोजावी. घेरास घेरानें गुणावें, त्यास लांबीनें गुणावें व आलेल्या संख्येस ३३० नें भागावें. उत्तर रत्तलांत येतें. आपल्या तट्टाचा घेर ५० इंच व लांबी ४६ इंच असेल तर ५० × ५० × ४६ म्हणजे १,१५,०००. त्यास ३३० नें भागून सुमारें ३४८ रत्तल, म्हणजे अदमासें १५८ किलो. हा अंदाज आहे, तंतोतंत माप नव्हे. पण पुढच्या सर्व हिशेबाचा पाया हाच. सुदृढ व सरावलेलें तट्टू चांगल्या सपाट रस्त्यावर आपल्या वजनाच्या दीडपट गाडी व माणसें मिळून ओढतें. परंतु नव्या जनावरास व नव्या हांकणाऱ्यास आपल्या वजनाइतकीच मर्यादा बरी. गाडी ५० किलो, हांकणारा ६५ किलो आणि मूल ३० किलो मिळून १४५ किलो झाले. आपलें तट्टू हें ओझें आनंदानें नेईल. यांत शेजारच्या काकांची भर पडली कीं तो आनंद संपला, हें घरांतील सर्वांनीं ध्यानांत ठेवावें.

गाडीचा विचार करतांना पहिला प्रश्न चाकांचा. चाक जितकें मोठें तितकें तें खड्ड्यावरून व दगडावरून सहज जातें. परंतु फार मोठें चाक लावल्यास गाडी उंच होते व कलंडण्याची भीति वाढते. हवेच्या धांवा धक्के सोसतात व डांबरी रस्त्यावर ओढ हलकी करतात. सायकलचीं चाकें स्वस्त पडतात म्हणून पुष्कळजण तींच बसवितात. पण सायकल वळतांना वांकते, गाडी वांकत नाहीं. त्यामुळें वळणावर चाकावर जो आडवा जोर येतो तो त्या बारीक तारांस सोसत नाहीं. जाड तारांचें मोटारसायकलचें अगर लांकडी आऱ्यांचें मजबूत चाक घ्यावें. गाडीस कमाणी असल्यास उत्तम. बसणाऱ्याच्या सुखापेक्षां घोड्याच्या पाठीस धक्के कमी बसतात, हा त्यांचा खरा उपयोग.

दुसरा प्रश्न दांड्यांचा. गाडी सपाट जागीं जुंपून बाजूनें पाहावें. गाडीचा तळ जमिनीशीं समांतर दिसला पाहिजे. दांड्यांचीं टोकें खांद्याच्या पुढच्या टोकापर्यंत यावीं, त्यापुढें जाऊं नयेत. पुढें गेलीं तर वळतांना तीं मानेस टोंचतात व लगामाच्या वाद्या त्यांत अडकतात. दोन्ही दांड्या अंगापासून दोन-तीन बोटें दूर राहाव्या. मागचे पाय दुडक्या चालींत कितीही लांब पडले तरी गाडीच्या आडव्या लांकडास ते लागतां कामा नयेत. वीतभर तरी अंतर मोकळें असावें. पायास गाडी लागली कीं शांत घोडाही बिथरतो आणि एकदां बसलेली ती भीति महिनेच्या महिने जात नाहीं.

तिसरा प्रश्न तोलाचा, आणि तोच सर्वांत महत्त्वाचा. दोन चाकांची गाडी म्हणजे आंसावर तोललेला तराजू होय. माणसें आंसाच्या पुढें बसलीं तर दांड्या घोड्याच्या पाठीवर दाबतात. मागें बसलीं तर दांड्या वर उचलतात व पोटाखालचा पट्टा घोड्यास वर ओढतो. याचा हिशेब शाळकरी मुलासही येईल. समजा, बसलेल्या दोघांचें वजन ९५ किलो आहे व त्या वजनाचा मध्य आंसाच्या ६ इंच पुढें पडतो. दांड्या जेथें पाठीच्या गादीवर टेकतात तें ठिकाण आंसापासून ६० इंच पुढें आहे. तर पाठीवर पडणारा भार ९५ × ६ ÷ ६० म्हणजे साडेनऊ किलो. हा भार आपल्या तट्टास सतत वाहावयाचा आहे आणि प्रत्येक खड्ड्यांत तो आदळतो. आतां बैठक ४ इंच मागें सरकविली तर हाच भार सुमारें ३ किलोवर येतो. चार इंचांच्या सरकण्यानें दोनतृतीयांश ओझें नाहींसें होतें! म्हणून सुतारास सांगून बैठक पुढेंमागें सरकेल अशी करवून घ्यावी. एक माणूस बसला तर वेगळी जागा, दोन बसलीं तर वेगळी. माणसें बसलेलीं असतां बाहेर उभें राहून एका हातानें दांड्या उचलून पाहाव्या; चार-पांच बोटांनीं त्या सहज उचलल्या जाव्यात, मात्र हात सोडल्यावर खालीं याव्यात. यासारखी दुसरी सोपी परीक्षा नाहीं. उतारावर भार पुढें येतो व चढावर मागें जातो, म्हणून सपाटीवर थोडासा भार दांड्यांवर असणें योग्यच आहे.

आतां साज. पूर्वीं हें काम जिनगरांचें असे. जीन करणारा तो जिनगर, हा अर्थ शब्दांतच आहे. आज कसबी मोच्याकडून करवून घ्यावें लागेल अगर तयार साज आणवावा लागेल. तयार साजांत नायलॉनचे पट्टे पुष्कळ येतात. ते धुण्यास सोपे, परंतु त्यांच्या कडा कातडीस कापतात आणि अपघाताच्या वेळीं ते तुटत नाहींत. चामड्याचा साज महाग, तरी तो अंगाशीं मऊ होतो. कोणताही साज घेतला तरी खालील जागा एकेक करून तपासाव्या.

ओढ ज्यावर येते तो छातीचा पट्टा सर्वांत आधीं पाहावा. तो फार वर गेला तर श्वासनलिकेवर दाबतो. फार खालीं आला तर खांद्याच्या सांध्यावर येऊन पाय पुढें टाकूं देत नाहीं. या दोहोंच्या मधली जी अरुंद पट्टी आहे तीच त्याची जागा. मोठ्या घोड्याचा रुंद पट्टा लहान छातीवर दोन्ही बाजूंस अतिक्रमण करतो. भोकें पाडलेला जुना साज नकोसा म्हणण्याचें मुख्य कारण हेंच. छातीच्या पट्ट्यापासून निघणाऱ्या दोन ओढवाद्या सरळ रेषेंत गाडीकडे गेल्या पाहिजेत व तेथें त्या मधोमध खिळलेल्या फिरत्या आडदांडीस अडकविल्या पाहिजेत. घोड्याचा एक खांदा पुढें जातो तेव्हां दुसरा मागें येतो; आडदांडी त्याबरोबर हलते आणि पट्टा अंगावर घांसत नाहीं. वाद्या गाडीलाच पक्क्या बांधल्या तर प्रत्येक पावलागणिक पट्टा कातडी खरवडतो. तासाभरांत केंस जातात, दुसऱ्या दिवशीं वण दिसतो.

पाठीवरची गादी दांड्यांचा भार वाहते. तो भार कण्याच्या दोन्ही बाजूंच्या मांसावर पडावा, कण्यावर नव्हे. साज चढविल्यावर पुढून पाहिलें असतां कण्यावर गादीच्या खालून उजेड दिसला पाहिजे. तंग कोपराच्या मागें दोन-तीन बोटें असावा व त्याखालीं दोन बोटें जावीं. दुमची शेपटीखालून जाते. तेथील कातडी नाजूक असल्यामुळें एकही केंस तिच्याखालीं दुमडून राहूं देऊं नये, व तिच्या वादींत दोन बोटें ढील ठेवावी. ढुंगणामागून आडवा जाणारा पट्टा म्हणजे या गाडीचा ब्रेक. उतारावर गाडी पुढें धांवते तेव्हां घोडा याच पट्ट्यावर टेकून ती थोपवितो. तो फार खालीं असेल तर पाय अडखळवितो, फार वर असेल तर शेपटीखालीं सरकतो. घोडा ओढीवर असतां त्यांत तळहात सहज जाईल एवढी मोकळीक असावी. सपाट रस्ता आहे म्हणून हा पट्टा नकोच असें कोणी म्हणतात. रस्ता सपाट असला तरी अचानक थांबण्याचा प्रसंग रोज येतो.

तोंडाचा साज सर्वांत जपून बसवावा. लगामाची कडी तोंडाच्या रुंदीपेक्षां दोन्हीकडे पाव इंच अधिक असावी. अरुंद कडी ओठ चिमटते, रुंद कडी तोंडांत इकडेतिकडे सरकते. ओठांच्या कोपऱ्यांत एक बारीकशी सुरकुती पडेल इतक्या उंचीवर ती राहावी. काटेरी कडी वापरण्यास कायद्यानें बंदी आहे आणि शहाणपणानेंही. डोळ्यांच्या झापडांचा मध्य डोळ्यासमोर यावा. पापण्यांस तीं लागूं नयेत. गळ्याखालच्या पट्ट्यांत तीन-चार बोटें जावीं. हें सर्व बसविल्यावर घोड्यास दहा मिनिटें नुसतें चालवून आणावें व पुन्हां एकदां हात फिरवून पाहावा, कारण उभ्या घोड्याचें माप व चालत्या घोड्याचें माप एक नसतें.

जुंपण्याचा क्रम ठरलेला आहे आणि तो बदलूं नये. आधीं अंगावरचा साज, मग लगाम. एकानें घोड्याच्या तोंडाशीं उभें राहावें. दुसऱ्यानें गाडी मागून हळूच आणून दांड्या अडकवाव्या. घोड्यास मागें ढकलून गाडींत घालूं नये. मग ओढवाद्या, त्यानंतर मागचा पट्टा, शेवटीं दांड्यांचा पोटपट्टा, आणि सर्व झाल्यावर माणसांनीं बसावें. सोडतांना याच्या नेमकें उलट: माणसें उतरलीं, पोटपट्टा, मागचा पट्टा, आणि ओढवाद्या शेवटीं. गाडी जोडलेली असतां लगाम काढणें ही प्राणघातक चूक होय. झापडें निघतांच घोड्यास आपल्यामागें कांहींतरी पाठलाग करीत असल्यासारखें दिसतें, तो उधळतो, आणि त्याला आवरण्यास हातांत कांहींच राहिलेलें नसतें. मुलांना ही एक गोष्ट पाढ्यासारखी पाठ करावयास लावावी.

जें तट्टू कधींच जुंपलेलें नाहीं त्यास थेट गाडींत घालूं नये. कांहीं आठवडे साज अंगावर घालून, लांब वाद्या हातीं धरून, मागून चालत त्यास वळणें, थांबणें व उभें राहणें शिकवावें. मग एखादें हलकें लांकूड मागें ओढावयास द्यावें, म्हणजे मागच्या आवाजाची संवय होईल. नंतर रिकामी गाडी, नंतर एक माणूस. उभें राहण्याचें शिक्षण धांवण्याच्या शिक्षणापेक्षां मोलाचें आहे. जें तट्टू माणसें चढेपर्यंत स्वस्थ उभें राहतें तेंच घरच्या मुलांच्या उपयोगाचें.

प्रदेशाचाही विचार हवा. हिंगोलीकडची काळी कापसाची जमीन उन्हाळ्यांत भेगाळते व पावसाळ्यांत चाकांस चिकटते. डांबरी सडकेवर जें ओझें खेळासारखें वाटतें तेंच ओल्या पांदींत कित्येक पट जड होतें. तेथें माणसांनीं उतरून चालावें हेंच बरें. वैशाखांत मराठवाड्याचें ऊन ४० अंशांच्या वर जातें. १९६० सालच्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्याखालीं १९६५ सालीं जे नियम झाले त्यांत ज्या भागांत उष्णता ३७ अंशांपेक्षां अधिक असेल तेथें दुपारीं १२ ते ३ या वेळांत जनावरास जुंपूं नये असें स्पष्ट सांगितलें आहे. दिवसांत एकंदर नऊ तासांपेक्षां अधिक व विसांव्याविना सलग पांच तासांपेक्षां अधिक काम घेऊं नये. गाडींत हांकणारा व सहा वर्षांखालील मुलें सोडून चारांपेक्षां अधिक माणसें बसवूं नयेत. तट्टाच्या दोनचाकी गाडीस हवेच्या धांवा असल्यास ६०० किलो व नसल्यास ४०० किलो ही ओझ्याची कमाल मर्यादा त्यांत दिली आहे. परंतु ही मर्यादा म्हणजे शिक्षेपासून वांचण्याची रेषा आहे, दयेची नव्हे. आपल्या १५८ किलोच्या तट्टास ती मुळींच लागू करूं नये. त्याचा हिशेब त्याच्या स्वतःच्या अंगावरून करावा.

काम बेताचें झालें कीं जास्त, हें तट्टू स्वतःच सांगतें. जबड्याच्या खालच्या कडेस बोट लावलें कीं नाडी लागते. स्वस्थ उभ्या तट्टाची नाडी मिनिटास साधारण ३० ते ५० असते. फेरीनंतर पंधरा-वीस मिनिटें विसांवा देऊनही ती साठाच्या वर राहिली तर दुसऱ्या दिवशींची फेरी अर्धी करावी. साज उतरविल्यावर घामाचे डाग पाहावे. सगळीकडे ओल असतां एखादाच ठिपका कोरडा दिसला तर तेथें साज अधिक दाबत आहे असें समजावें. विसकटलेले केंस दिसले तर तेथें तो घांसत आहे. कातडी फाटल्यावर मलम शोधण्यापेक्षां केंस विसकटले असतांना पट्टा सैल करणें सोपें. वण पडलाच तर तो पूर्ण बरा होईपर्यंत गाडी बंद, यास अपवाद नाहीं. घामेजल्या घोड्यास पाणी देऊं नये असा जुना समज आहे. थोडथोडें करून कांहीं घोट देण्यास हरकत नाहीं, उलट तें हितकारकच होय. अंगावर पाणी ओतून निथळूं द्यावें, खरारा करावा, खूर उकरून त्यांतील खडे काढावे, आणि साज ओल्या फडक्यानें पुसून सावलींत टांगावा. घामाचें मीठ चामड्यांत राहिलें तर चामडें कडक होतें व मग तेंच चामडें कातडी कापतें.

खाण्याविषयीं एक सूचना विशेषतः घरच्या मंडळीसाठीं. लहान घोडे थोड्याशा चाऱ्यावर राहण्यास घडलेले असतात. घरांत तें लाडकें होतें. आजी गूळ देते, मुलें पोळी देतात, कोणी तोबऱ्यांत हरभऱ्याची चंदी दुप्पट घालतो. त्यानें तट्टू गुबगुबीत होतें आणि एके दिवशीं खुरांत दाह होऊन उभें राहीनासें होतें. हा रोग फार वेदनेचा आहे व पुष्कळदां जन्माचें अपंगत्व देतो. तेव्हां मुख्य अन्न कोरडा चारा, चंदी कामाच्या मानानें, आणि गोड लाड हाताचे व आवाजाचे.

एवढी यातायात कशासाठीं, असें कोणी विचारील. मुंजींतील भिक्षावळीस एक दिवस घोडा भाड्यानें आणतां येतो, मग घरीं कशास? त्याचें उत्तर असें कीं, भाड्याच्या घोड्यावर मूल बसतें. घरच्या तट्टापासून तें शिकतें. आपल्यापेक्षां बलवान पण मुक्या अशा जिवाची शक्ति वापरावयाची तर त्याच्या खांद्याचें, पाठीचें व तोंडाचें माप आधीं घ्यावें लागतें, हा धडा पुस्तकांत मिळत नाहीं. ज्यांच्या घरीं रोज दोन तास या कामास देणारें मोठें माणूस नाहीं त्यांनीं मात्र हा नाद करूं नये; माळेगांवच्या यात्रेंत घोडे पाहून समाधान मानावें.

आपल्या महाभारतांत जयद्रथवधाच्या दिवशींची एक हकीकत आहे. सूर्यास्तापूर्वीं प्रतिज्ञा पुरी करावयाची, एकेक क्षण मोलाचा, सभोंवतीं शत्रु. अशा वेळीं घोडे थकले म्हणून अर्जुन रथाखालीं उतरला, पायीं उभा राहून त्यानें सैन्य थोपविलें, बाणानें जमिनींतून पाणी काढलें, आणि श्रीकृष्णांनीं रणांगणाच्या मध्यावर घोडे सोडून त्यांचे बाण उपटले, अंगें चोळलीं, त्यांस पाणी पाजलें, लोळूं दिलें, आणि मग पुन्हां जुंपलें. ज्यांस सर्वांत अधिक घाई होती त्यांना वेळ मिळाला. आपणांस तर बाजारांतून भाजी आणावयाची असते किंवा मुलांना मळ्याभोंवतीं एक फेरी मारावयाची असते. तंगाखालीं दोन बोटें घालून पाहण्यास आपल्यापाशीं वेळ नाहीं, असें आपण म्हणूं शकत नाहीं.